मोरीकाठचं अळू

फार पूर्वी भाज्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. केरबाशेठना मुतखडा झाला आणि परसातल्या अळूला स्वयंपाकघर बंद झालं. फोडणीचा वास आला, की ते खिडकीकडे मान वळवून उभं राही.

"पोटात एकटंच हिंडतंस, रक्तात शिरून मूत्रपिंडात खडा मांडतंस," खिडकीतलं ताक म्हणालं. "घरात घेणार कोण तुला?"

"मग जन्मभर ही मोरीच का?"

"वेडं कुठलं! मला सोबत ने. मी तुला आतड्यातच धरून ठेवीन, तिथूनच दोघं बाहेर पडू."

शेठच्या बायकोनं, सगुणाबाईनं, हे ऐकलं. तिनं मोजकीच पानं खुडून ताकात शिजवली.

शेठ पातेलं पुसून खात म्हणाले, "अगं, किती दिवसांनी घरचं माणूस परत आल्यासारखं वाटलं!"

परसात उरलेली पानं मात्र खिडकीकडे बघत पुढच्या फोडणीची वाट पाहत राहिली.