कानातला सल्लागार

मुलांनो, जंगल संपून गवताचा माळ जिथे सुरू होतो, तिथे मेंढ्यांचा एक कळप बसत असे आणि एक कुत्रा त्याची राखण करीत असे. कुत्रा इमानी होता, पण भारी संशयी. गवत हलले की तो गुरगुरे. कळपाची मालकीण हौसाबाई त्याचे कान तपासायला आली, तरी दात दाखवून तो दूर सरके. "ही माझे कान का चाचपते? काहीतरी डाव असणार," असे त्याला वाटे.

एके दिवशी म्हशीच्या पाठीवरचे किडे टिपणारी साळुंकी त्याच्याजवळ उतरली. "तुझ्या कानात गोचीड चिकटलाय. काढू का?" तिने विचारले. "आज कानाशी येशील, उद्या कोकराच्या डोळ्याशी जाशील," असे म्हणून कुत्रा तिच्या अंगावर धावला. साळुंकी उडून गेली. तेव्हा कानातून बारीक आवाज आला, "बरं केलंस. त्या पाखराचा काय भरवसा? मी बघ, तिळाएवढा जीव. एका कोपऱ्यात पडून असतो. तुला जड होतो का?" कुत्र्याने विचार केला, एवढासा हा, आपले काय बिघडवणार? शिवाय तो आपल्यासारखेच बोलतो. त्याने गोचिडाला राहू दिले.

आठवड्याभरात तिळाएवढा गोचीड एरंडाच्या बीएवढा फुगला आणि त्याचे भाऊबंद कुत्र्याच्या मानेवर आणि बोटांच्या बेचक्यांत येऊन चिकटले. पुढे कुत्र्याला ताप भरला. त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या, चालताना पाय लटपटू लागले. "पाण्यात कुणीतरी काही कालवलंय," गोचीड कुजबुजला. कुत्र्याने पाणी सोडले. "भाकरीलाही वास येतोय बघ," गोचीड म्हणाला. कुत्र्याने भाकरीही सोडली. एक म्हातारी मेंढी म्हणाली, "अरे, त्याच कुंडातलं पाणी आम्ही सगळ्या पितो. आम्हाला कुठे काय झालंय?" कुत्र्याने तिच्याकडेही तिरप्या नजरेने पाहिले. हिला एवढी काळजी कशाची, असे त्याच्या मनात आले.

अशातच एका दुपारी लांडगा आला. कुत्र्याला त्याचा वास लांबूनच लागला. तो भुंकायला उठला, पण घशातून आवाज फुटला नाही आणि दोन पावलांतच तो कोसळला. हौसाबाई काठी घेऊन धावत येईपर्यंत लांडग्याने म्हाताऱ्या मेंढीचे कोकरू उचलले होते. लांडगा गेला त्या दिशेला बघत मेंढी नुसती उभी राहिली.

कुत्र्याला ते बघवेना. तो सरपटत साळुंकीच्या झाडाखाली गेला आणि म्हणाला, "मी तुला हाकलले, ते चुकले. आता माझे गोचीड काढ." साळुंकी खाली उतरली. त्याच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "गोचीड मी काढीन, पण त्यांनी तुझ्या रक्तात सोडलेला रोग मला काढता येणार नाही. हौसाबाईकडे जा." "जाऊ नकोस," कानातला आवाज घाईघाईने म्हणाला, "ती तुला मारील." त्या घाईचा मात्र कुत्र्याला पहिल्यांदाच संशय आला. आपण बरे व्हायला निघालो, तर हा का घाबरतो?

तो गेला आणि हौसाबाईच्या मांडीवर डोके ठेवून पडला. तिने केस बाजूला सारले, चिमट्याने एकेक गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढला आणि साबणाच्या पाण्यात टाकला. मग तिने कुत्र्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. सुया टोचल्या, कडू औषध पोटात गेले, मानेवर गोचिडाचे औषध लावले गेले. महिन्याभराने कुत्रा पुन्हा राखणीला उभा राहिला. मेंढीचे कोकरू मात्र परत आले नाही.

तात्पर्य : आपल्याला तपासायला येणाऱ्या हातावर संशय घेण्याआधी, आपल्या रक्तावर जगून आपल्याला सल्ला देणाऱ्यावर संशय घ्यावा.