दोराचे दुसरे टोक

एकदा एक रंगारीण कमरेला कापलेला दोर तसाच ठेवून एका वृद्ध आचार्यांच्या दारी आली. ज्यांच्या वतीने बोलायला कोणी नाही त्यांच्यासाठी न्यायसभेत उभे राहायचे, हे आचार्यांचे व्रत होते. आणि तेच शास्त्र ते एका तरुण शिष्याला शिकवीत होते. बाईचे नाव बयजा. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिचा एकुलता एक खंडू, जेमतेम चालायला-बोलायला लागलेला, बालरक्षकाने उचलून नेला होता.

बालरक्षक म्हणजे राजाचा अधिकारी. छळ होणारी, टाकून दिलेली मुले सोडवायची, हे त्याचे काम, आणि माणूस कामाला चोख. दारुड्या बापांच्या माराखालून त्याने पोरे ओढून काढली होती, हे साऱ्या नगराला ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या शब्दापुढे शब्द काढायला कोणी धजत नसे.

त्या दिवशी तो चार शिपायांसह नदीकाठून चालला होता. वाळत घातलेल्या लुगड्यांच्या आड त्याला एक मूल दिसले. कमरेला चिंध्या वळून केलेला दोर, वासराला बांधावा तसा. जवळपास चिटपाखरू नाही. पलीकडे पाण्यात एक बाई पाठ करून कापड खळबळत उभी. बालरक्षकाचे रक्त तापले. त्याने चाकू काढला, दोर कापला आणि मुलाला खांद्यावर टाकून तो निघून गेला. इकडे बयजाला पाण्यात एवढेच जाणवले, की दोर सैल पडला. वळून पाहते तो मुलाची जागा रिकामी.

आता दुसऱ्या दिवशी न्यायसभा होती. निकाल विरुद्ध गेला, तर खंडूची रवानगी दूर राजधानीच्या बालगृहात व्हायची, आणि तो जाणता होईपर्यंत आईला त्याचे तोंडही दिसायचे नाही.

शिष्य हुशार होता आणि हुशारीची घाई त्याच्या अंगात होती. तो म्हणाला, "बाई, आधी तो दोर सोडा आणि चुलीत घाला. तुमच्याविरुद्धचा पुरावा तोच आहे. उद्या मुलाला पाहताच धावत जा, त्याला कवटाळा, पोटभर रडा. पुढचं मी पाहतो. मातृमहिम्याचे श्लोक मला मुखोद्गत आहेत."

"श्लोक राहू देत," आचार्य म्हणाले. त्यांनी बयजाला ओसरीवर बसवले आणि दोराविषयी बारीकसारीक विचारत राहिले. शिष्य तेवढ्या वेळात अंगणात श्लोकांची उजळणी करीत होता, त्यामुळे त्याच्या कानी काहीच पडले नाही. अखेर आचार्य उठले आणि मोठ्याने म्हणाले, "बयजाबाई, हा दोर सोडू नका. असाच बांधून सभेत या. आणि मुलाला समोर आणलं तरी त्याच्याकडे पाहू नका. नदीत उभ्या राहता तशा, पाठ करून उभ्या राहा."

"म्या? माज्या लेकराकडं पाठ करू?"

"अवघड आहे. पण पोटासाठी रोज करताच ना?"

बयजाने होकारार्थी मान हलवली. साठी बुद्धी नाठी, असे शिष्याच्या मनात येऊन गेले. पण ते ओठांवर आणायची त्याची छाती झाली नाही.

सभेत गर्दी लोटली होती. बालरक्षकाने दोराचा आपल्याकडचा तुकडा उंच धरला. "महाराज," तो न्यायाधीशांना म्हणाला, "जनावरासारखं मूल बांधलं होतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रंगाच्या उकळत्या कढया. आणि आई कुठे? आई पाठ फिरवून उभी. मी आणखी काय सांगू? आत्ताही बघा, पोर समोर आहे आणि हिची पाठच आहे."

"काय बाई तरी!" गर्दीतून कोणी म्हणाले. शिष्याने डोळे मिटून घेतले. बयजा भिंतीकडे तोंड करून उभी होती, बालरक्षकाने नेमलेल्या दाईच्या कडेवरच्या खंडूला तिची फक्त पाठमोरी आकृती दिसत होती, आणि ती आपली आई आहे हे त्या गर्दीत त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

आचार्य शांतपणे उठले. "महाराज, मला काही बोलायचं नाही. मुलाला खाली ठेवावं, त्या दिवशीसारखा हा तुकडा त्याच्या कमरेला बांधावा आणि कापलेली टोकं पुन्हा जोडावीत. ज्या हाताने दोर कापला त्याच हाताने."

बालरक्षकाने तुकडा खंडूच्या कमरेला बांधला. बयजामागे भुईवर लोळणारे टोक उचलून त्याला गाठ मारली. मग त्याची नजर दोराबरोबर सरकत गेली, मुलाच्या कमरेपासून फरशीवरून बयजाच्या कमरेपर्यंत.

खंडूने दोर चाचपला. तो ओळखीचा होता. त्याने मुठीत धरून तो दोनदा ओढला.

बयजाला ते हिसके कमरेशी जाणवले. ती वळली नाही. तिचा हात कमरेशी गेला आणि तिने दोराला दोन हिसके दिले. पोर खुदकन हसले. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा उत्तर आले. मग त्याने बालरक्षकाकडे मान वर केली आणि दोराकडे बोट करून ठामपणे सांगितले, "आय हाय."

"म्हणून माझा पदर ओढत होतास होय रे!" दाई पुटपुटली. "आम्ही आपलं हट्टी म्हणत होतो."

बालरक्षक प्रामाणिक होता, म्हणून त्याने मनातला प्रश्न गिळला नाही. "पण बाई, पाय घसरला असता तर? मूलही तुमच्याबरोबर ओढलं गेलं असतं."

आता बयजा वळली. "सरकार, पोराला निरगाठ हाय, त्येला सुटाया नको. मला सुरगाठ हाय. म्या वाहून जाया लागले तर येक हिसका, आन् पोरगं काठावर." तिने टोक ओढले. दोर गळून तिच्या पायांशी पडला आणि ती मुलाकडे धावली. सभेतल्या बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या.

तेव्हा आचार्य बोलले. "महाराज, या अधिकाऱ्याचा हेतू शुद्ध होता. त्याने पाहिलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. दोर ही मूल वाढवायची रीत नव्हे, हे बयजालाही कळतं. सांभाळायला माणूस नाही, म्हणून दोर आहे. त्या दिवशी मूल न्यायला पाच माणसं आली होती. त्यांतलं एक जरी रोज काठावर बसतं, तर हा दोर केव्हाच सुटला असता. जिथे घरच वैरी आहे तिथून मूल जरूर उचलावं. पण ते ठरवण्याआधी दोराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं."

न्यायाधीशांनी खंडूला आईच्या स्वाधीन केले. घाटावर रंगाऱ्यांची मुले सांभाळायला एक बाई नेमावी, ही विनंती मात्र बालरक्षकाने स्वतः केली, आणि ती मान्य झाली.

परतताना शिष्य म्हणाला, "गुरुजी, ती रडली असती तरी सभा द्रवली असतीच."

"द्रवली असती," आचार्य म्हणाले. "मग मूल दयेपोटी परत मिळालं असतं. दयेने दिलेलं, पुढे शंका आली की काढूनही नेतात. तिने अपराधच केला नव्हता, बाळा. मग दया कशाची मागायची?"



पुढे आचार्य थकले आणि लोक शिष्याकडे येऊ लागले. पहिलाच आला तो एक बाप, दोन्ही लेकी बालरक्षकाने नेल्या म्हणून दारात कोसळलेला. शिष्याने त्याला उठवून पाणी दिले. श्लोक त्याला अजूनही मुखोद्गत होते. त्याने पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हटले, "चला, आधी तुमचं घर दाखवा."