सगळ्या मनगटांची एकच बांगडी

"एका खोलीत दोनच माणसं!" असं म्हणत शिपायानं बयजा कासारणीच्या दारावर चुन्याची फुली मारली. "तुमची खोली एक आणि तुम्ही चार जण. उद्या सूर्य मावळला की दोघं नदीपलीकडच्या छपरात! आणि बाहेरून आलेलं माणूस पहिलं!"

बाहेरून आलेलं माणूस म्हणजे मैना, बयजाची लेक. बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला!

काळच तसा आला होता. कुठल्या कुठल्या देशांतून तापाची साथ फिरत फिरत कनकापुरात येऊन ठेपली होती. राजा दृढवर्मानं तीन पंडित बसवले आणि कायदा करून घेतला. एका खोलीत दोन माणसं, दोघांमध्ये सात हात अंतर. राजवाडा असो की झोपडी, नियम एकच!

बयजानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तडक राजवाडा गाठला. सज्जाखाली बरोबर सात हात मोजून उभी राहिली आणि बांगड्या विकायच्या त्या खणखणीत आवाजात ओरडली, "महाराज, तुमचा कायदा माझ्या घरात मावत नाही!"

सज्जात राजा आला. मागोमाग तिन्ही पंडितही आले.

"समाज एक, म्हणून नियम एक," समाजपंडित म्हणाले. "चाळीस पानं लिहिलीत मी यावर!"

"ताप सात हात उडी मारतो," वैद्यराज म्हणाले. "मी मोजलंय!"

"एकीला सूट दिली की कायदा संपला!" न्यायशास्त्री म्हणाले.

"पंडितजी, तुमच्या वाड्यात खोल्या किती हो?" बयजानं समाजपंडितांना विचारलं.

"बावीस."

"आणि माणसं?"

"मी आणि आमच्या सौभाग्यवती."

"मग तुम्हाला कायदा ढगळ होतोय आणि मला घट्ट! मी अशी एकाच मापाची बांगडी सगळ्यांना भरली, तर निम्म्या बायांची मनगटं सोलतील आणि निम्म्यांची बांगडी वाटेत गळून पडेल!"

राजा लालबुंद झाला. एकदा बोललं ते बोललं, असा त्याचा खाक्या.

"एकाच मापाचं चालत नाही म्हणतेस? मग ऐक! उद्या सूर्य मावळायच्या आत एकच बांगडी घेऊन ये. माझ्या पाच वर्षांच्या नातीला बसली पाहिजे, राणीसाहेबांना बसली पाहिजे, आणि मुदपाकखान्यातल्या भागूबाईलाही! सैल नको, घट्ट नको, तुटायला नको. कशाचीही कर! आणलीस तर तुझं ऐकेन. नाही आणलीस तर तुझी लेक पहिली नदीपार!"

न्यायशास्त्र्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

भागूबाईचं मनगट म्हणजे केळीचा बुंधा! तिला बांगडी भरताना बयजाला वाटीभर तेल लागायचं.

"लाखेची करून बघ," घरी आल्यावर नवरा म्हणाला.

"लाख तापवून वाढवायची म्हणजे पोरीचा हात भाजायचाय का?"

"सोन्याची?"

"सोनं ताणलं जातं होय? काहीतरीच!"

सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या, मैना पोटावरून हात फिरवत होती. नवरा आपला सवयीनं बांगड्यांचे डझन बांधत होता. लहान पोरींच्या बांगड्यांचा डझन बांधला, तोच दोरा सोडून मोठ्या बायकांच्या बांगड्यांना गुंडाळला.

बयजा बघत राहिली. मग एकदम हसायलाच लागली!

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या चौकात तिनं कडुनिंबाचं उकळतं पाणी ठेवलं आणि सात हात मागं सरकली. दासीनं चिमट्यानं पाण्यातून वस्तू काढली. हळदीत रंगवलेला लांब दोरा!

नातीच्या मनगटाला पाच वेढे, गाठ. नीट बसला! पुन्हा उकळला. राणीसाहेबांना तीन वेढे. पुन्हा उकळला. भागूबाईला दोन वेढे, आणि वर टोक शिल्लक!

"अहो, हा तर दोरा!" न्यायशास्त्री ओरडले.

"'कशाचीही कर' असं महाराज म्हणाले. तुम्हीच लिहिलंत ना, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांनी कागद पाहिला. "लिहिलंय खरं..."

"पण प्रत्येकीचं माप वेगळं झालं!" राजा म्हणाला.

"दोरा तोच आहे की महाराज! सात हात तसेच राहू द्यात. गाठ तेवढी मनगट बघून मारा. पंडितजींची गाठ त्यांच्या खोलीच्या दाराशी, आमची कासार आळीच्या तोंडाशी! आळीत ताप कुणालाच नाही. तोंड बंद करा, पहारा बसवा, शिधा सात हातांवर ठेवून जा. आत आम्ही ओट्यांवर, अंगणात पांगून राहतो. माझी लेक तेवढी घरात बाळंत होऊ द्या."

वैद्यराजांनी बोटांवर मोजलं. "बाहेरचा ताप आत शिरत नाही. बसतंय हिशेबात!"

समाजपंडित भराभरा पानं उलटत होते. "चाळीस पानांत आळी कुठंच नाही हो!"

राजानं हात पुढं केला. "मला बांधा बघू."

राणीसाहेबांनी उकळलेला दोरा घेतला आणि करकचून गाठ मारली.

"आई गं! घट्ट झाली!"

"सांगितलंत म्हणून कळलं, महाराज!" बयजा म्हणाली. "राणीसाहेब, जरा सैल करा. मी तरी काल दुसरं काय सांगायला आले होते?"

राजा आधी राणीकडे बघत राहिला, मग मनगटाकडे, आणि असा खदाखदा हसला की सज्जातली कबुतरं उडाली! दारावरची फुली त्यानं त्याच शिपायाकडून पुसून घेतली, मैनेच्या बाळासाठी चांदीचे वाळे धाडले, आणि हुकूम काढला, "यापुढं कुठलाही कायदा आधी बयजाकडे जाईल. माप घ्यायला!"