नाकतोड्याचा श्वास

फार पूर्वी एका तळ्याकाठी पोपट्या नावाचा नाकतोडा राहायचा. एकदा त्याची उडी चुकली आणि तो पाण्यात पडला. म्हातारं कासव घाईने पोहत आलं. त्याने पोपट्याचं डोकं पाण्यावर उचलून धरलं.

"घे बाळा, श्वास घे!"

पोपट्या गुदमरतच होता. कासवाने डोकं आणखी वर केलं.

"आजोबा, पोट उचला!" पोपट्या कसाबसा म्हणाला. "माझी श्वासाची भोकं पोटाच्या बाजूंना आहेत!"

असलं काही कासवाने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण वाद न घालता त्याने बुडी मारली आणि पोपट्याला पाठीवर घेऊन काठावर आणलं. पोपट्याचं पोट भात्यासारखं हलू लागलं.

"आणि कान रे कुठे तुझे?"

"तेही पोटावरच, पंखांखाली."

कासवाने पंखांजवळ तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "बरं वाटतंय का आता?"