थोरल्याचे लाल हेलिकॉप्टर

डोंगरामागच्या एका रानात दोन मुंगूस भाऊ राहत असत. थोरला रिमोटचे हेलिकॉप्टर उडवण्यात साऱ्या रानात पहिला. यंत्रे उडवण्याच्या वार्षिक मेळ्यात त्याचे लाल हेलिकॉप्टर वर झेपावले की हरणेसुद्धा चरायची थांबत. मुलांनो, असा भाऊ असला की धाकट्याची मान आपोआप ताठ होते. पण त्या उन्हाळ्यात थोरला तापाने गेला. आता त्या रानाची एक रीत होती. उडवणारा गेला, तर पुढच्या मेळ्यात त्याचे यंत्र घरातल्याच कोणी उडवून सुखरूप उतरवायचे. नाही जमले, तर ज्याला जमेल त्याला ते देऊन टाकायचे.

दुसऱ्याच दिवशी कोल्हा बिळापाशी आला. "काय रे बारक्या, कशाला धूळ खात ठेवतोस ते? देऊन टाक मला. तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही."

धाकटा तडकला. "दादाचं आहे ते! हात तर लावून बघ!" आणि रागारागात त्याने लाल हेलिकॉप्टर बाहेर आणून तिथेच उडवले. ते वर गेले, गर्रकन वळले आणि त्याचे तोंड धाकट्याकडे झाले. ते डावीकडे सरकतेय म्हणून त्याने रिमोटची दांडी उजवीकडे ओढली, तर ते आणखीच डावीकडे धावले आणि करवंदीच्या जाळीत घुसले. पंख्याचे एक पाते मोडले. कोल्हा हसत हसत निघून गेला.

धाकटा मोडके पाते घेऊन कावळ्याकडे पळाला. कावळा शहरातून अशी यंत्रे आणून वडावर दुकान मांडत असे. थोरला त्याचा जुना दोस्त.

"काका, पातं बसवून द्या. आणि मला सरावाला दुसरं द्या. दादासारखंच, मोठं!"

"पातं बसवतो," कावळा म्हणाला, "पण मोठं देणार नाही." त्याने एक चिमुकले हेलिकॉप्टर पुढे ठेवले. त्याच्या डोक्यावर एकावर एक असे दोन पंखे होते आणि पायांना आडव्या काड्या बांधून त्यांच्या टोकांना गोळे लावले होते. "हे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणून हे गरगरत नाही. दांडी सोडलीस तर शहाण्यासारखं जागीच तरंगतं. काड्यांमुळे कलंडत नाही. आणि पडलंच, तर हलकं आहे, सहसा मोडत नाही."

"हे? हे तर चिलट आहे! दादानं असलं हातातसुद्धा धरलं नसतं."

"तुझ्या दादाचं पहिलं असंच होतं. मी मोठंच विकायला बसलो होतो, त्यानंच नको म्हटलं. म्हणाला, 'काका, मला अजून खूप पडायचंय. पडणं सोसेल असं द्या.' सगळं रान हसलं त्याला. तोही हसला, आणि उडवत राहिला."

धाकट्याने ते चिलट उचलून हातात घेतले. मग डोळे पुसून म्हणाला, "हेच द्या."

त्या दिवसापासून तो रोज गवतात जाऊन बसू लागला. आधी चिलटाची शेपटी आपल्याकडे ठेवून उडवायचे, एवढेच. ते हाताला बसल्यावर त्याने तोंड आपल्याकडे वळवून पाहिले, आणि चिलट पुन्हा पुन्हा आपटले. "बाहेरून बघू नकोस," कावळा वरून ओरडला. "आत बसलायस असं समज. मग त्याचं उजवं ते तुझंही उजवंच!" येता-जाता कोल्हा विचारी, "काय, चिलट उडालं का?" धाकटा आता तडकत नसे. "उडालं, कोल्होबा! नाक झाका, आत शिरेल!"

मेळ्याचा दिवस उजाडला. लाल हेलिकॉप्टर आपणच घरी नेणार, अशा थाटात कोल्हा सगळ्यांच्या पुढे बसला होता. धाकट्याने दांडी हळूच पुढे केली. लाल हेलिकॉप्टर उठले, सरळ वर गेले. तेवढ्यावरच उतरवले असते तरी चालले असते. पण त्याने ते वळवले, आणि त्याचे तोंड थेट आपल्याकडे केले. पाते मोडले होते, तेही असेच तोंड आपल्याकडे असताना. कोल्हा पुढे वाकला. वाऱ्याने यंत्र डावीकडे ढकलले. या वेळी धाकट्याचा हात चुकला नाही; आत बसल्यासारखी त्याने दांडी डावीकडेच ओढली. लाल हेलिकॉप्टर त्याच्या डोळ्यांसमोर, डोळ्यांच्याच उंचीवर, न हलता तरंगत राहिले. कुणीतरी समोर उभे राहून पाहावे, तसे.

"बघ, दादा," तो म्हणाला, आणि मग त्याने ते आपल्या पायांशी अलगद उतरवले. हरणे चरायची थांबली होती.

कोल्ह्याने शेपटी झटकली. "कुणी शिकवलं रे तुला?"

धाकट्याने लाल हेलिकॉप्टर छातीशी धरले. "दादानं," तो म्हणाला. "पडायलासुद्धा त्यानंच शिकवलं."

तात्पर्य एवढेच : पहिले साधन आपल्या चुका सोसणारे निवडावे, आणि थोरल्याची उंची गाठायची असेल, तर त्याने जिथून सुरुवात केली तिथूनच आपणही करावी.