मनगटावरच्या रेघा

"पण भन्ते, यात चूक व्हायला जागाच कुठं उरते?"

प्रसेनजितनं हातातला स्कॅनर अभिमानानं उंचावला.

विहाराच्या मागच्या अंगाला आजाऱ्यांचं शुश्रूषाघर होतं. दवाखान्यानं घरी पाठवलेली, पण घरच नसलेली माणसं तिथं शेवटचे दिवस काढत. त्या घराचा सगळा कारभार आपल्याकडे यावा, ही प्रसेनजितची आस होती. म्हातारे भन्ते शीलरत्न आज त्याचा निर्णय सांगणार होते.

भन्ते दारात उभे होते. काहीतरी सांगायला आले होते. पण प्रसेनजितचं तोंड थांबेना.

"या नुसत्या रेघा नाहीत, भन्ते. जाड-बारीक रेघा म्हणजे आकडे. यंत्र आकडा वाचतं आणि बाकीची माहिती पडद्यावर येते. साबणावर, औषधाच्या बाटलीवर, वाचनालयातल्या पुस्तकावर, पार्सलवर... सगळीकडे बारकोड. आता आपल्या माणसांच्या मनगटावरही. एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जायची भीतीच नको!"

"ते चांगलं झालं," भन्ते म्हणाले.

खाटेवरची गयाबाई खोकत खोकत हसली. मनगटावरची पट्टी नाचवत म्हणाली, "मले बी बिस्किटाच्या पुड्यावानी रेघा चिकटवल्या या पोरानं. भन्ते, मी कोन्त्या तारखेपर्यंत टिकन, तेवढं पाहाले सांगा याले!"

प्रसेनजित हसला. भन्ते हसले नाहीत.

"दौलतबाबा कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आत्ता सांगतो!"

प्रसेनजितनं कोपऱ्यातल्या खाटेचा पडदा सारला. दौलतबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादर छातीपर्यंत ओढलेली. उशाशी एक स्टूल. प्रसेनजितनं त्यांच्या मनगटावरची पट्टी सरळ केली आणि स्कॅनर धरला.

टीं.

"दौलत सुखदेव मेश्राम. फुप्फुसाचा आजार. पहाटेचं औषध दिलेलं आहे. पुढचं दुपारी."

"मी विचारलं, कसे आहेत?"

भन्तेंना नीट ऐकू आलं नसावं, असं त्याला वाटलं. त्यानं पट्टी पुन्हा ओढून ताठ केली.

टीं.

"तेच आहेत, भन्ते. शंभर टक्के तेच."

"तेच आहेत...?"

"यंत्र खोटं बोलत नाही, भन्ते."

"नाही," भन्ते हळूच म्हणाले. "ते खोटं बोलत नाही."

त्यांनी स्कॅनर त्याच्या हातातून काढून खिडकीत ठेवला. मग त्याचा पंजा धरून दौलतबाबांच्या मनगटावर टेकवला. पट्टीच्या जरा खाली.

...

मनगट गार होतं. थंडीतल्या फरशीसारखं.

 प्रसेनजितनं चादरीकडे पाहिलं. चादर हलत नव्हती. याच मनगटाला आत्ता दोनदा आपली बोटं लागली. दोनदा! आणि आपल्याला कळलं नाही...

"कधी...?" त्यानं विचारलं.

"पहाटे. तू औषध देऊन गेलास, त्यानंतर थोड्या वेळानं. मी बसलो होतो जवळ. तेच सांगायला आलो होतो तुला."

पहाट त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. औषध गिळल्यावर दौलतबाबांनी त्याची बोटं धरली होती. "हात राहू दे ना रे बाबू, जरासा." आणि आपण म्हणालो होतो, "बाबा, पुढच्या खाटा राहिल्यात." बोटं सोडवून घेतली होती. स्कॅनर उचलून पुढं निघून गेलो होतो.

पडद्यापलीकडून गयाबाईनं विचारलं, "काय निंघालं रे दौलतभाऊचं?"





"भन्ते... हे घर मला देऊ नका. मी... मी त्या लायकीचा नाही."

तो हात मागं घेऊ लागला.

भन्तेंनी उशाजवळचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"हात राहू दे."