थोरल्या सदरेतली डुलकी

पुष्कळ वर्षं झाली याला. किती, ते विचारू नका. माझ्या पणजोबांनाही ती मोजता आली नव्हती. तेव्हा नऊ खोऱ्यांचं मिळून एक राज्य होतं. प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी, सण वेगळे, आणि भांडणं मिटवायला पंचही ज्याचे त्याचे. पण पंचांचा निवाडा पटला नाही, तर माणूस राजधानीला थोरल्या सदरेवर जाई. तिथे एक न्यायाधीश बसे. त्याने एकदा सांगितलं की विषय संपला. त्याचा निकाल लाकडी फळीवर रंगवून नऊही खोऱ्यांच्या बाजारवेशींवर टांगत, आणि पुढे सगळ्या पंचांनी त्याच मापाने न्याय करायचा, अशी रीत होती.

आपली गोष्ट या न्यायाधीशाची. माणूस विद्वान. उभ्या जन्मात त्याने कुणाची सुपारीसुद्धा फुकट खाल्ली नव्हती. दोष एवढाच, की लोक आपल्याला थोर म्हणतात हे त्याला जरा जास्तच आवडायचं. तुम्हाआम्हालाही आवडतंच म्हणा.

एके साली अधिक महिना आला. न्यायाधीशाच्या घरी जावयाला धोंड्याचं जेवण होतं. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, शेवटी अनारसे. जावई पडला लाजरा, तो काही खाईना. त्याला सोबत म्हणून सासऱ्याने एकेक करत नऊ धोंडे रिचवले आणि तसाच सदरेवर येऊन बसला.

त्या दुपारी एका रंगारणीचा दावा होता. तिच्या खोऱ्यातल्या पंचांनी तिला हरवलं होतं आणि बाजाराच्या महाजनाला जिंकवलं होतं. आधी महाजन बोलला. गोड बोलला, थोडक्यात बोलला. मग रंगारीण पुढे आली.

"महाराज, दहा वर्षं आमच्या आळीने बाजारातल्या ओट्यांवरचे सगळे कापडी चांदवे रंगवून दिले. एक कवडी घेतली नाही. बोली अशी होती, की अकराव्या वर्षापासून आम्हाला बाजाराच्या आत ओटे मिळतील, बाकीच्यांच्या शेजारी. आता हे म्हणतात, तुमच्या हातांचे डाग पडतात, तुमच्यासारखी माणसं आत शोभत नाहीत, वेशीबाहेर बसा."

न्यायाधीशाने एवढं नीट ऐकलं. मग त्याचा डोळा लागला.

तो जागा झाला तेव्हा रंगारीण हात जोडून म्हणत होती, "एवढंच माझं म्हणणं आहे, महाराज."

मधलं सगळं गेलं होतं. किती गेलं, हेही त्याला कळेना. आता यावर उपाय काय होता? चार शब्दांचा. "बाई, पुन्हा एकदा सांग." शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर पंडित बसलेले, कारकून लेखणी सरसावून बसलेला, महाजन मिशीवरून हात फिरवत उभा. थोरल्या सदरेचा न्यायाधीश झोपला होता, हे यांच्यासमोर कसं म्हणायचं? त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने घसा खाकरला आणि निकाल देऊन टाकला.

"करार सिद्ध झालेला नाही."

हे फारच उघडंबोडकं वाटलं. मनात चोरी होती ना, म्हणून त्याने वर एक भारदस्त वाक्य ठेवून दिलं. "आणि बाजार ज्याच्या हाती, जागा त्याच्या मर्जीची."

पंडितांनी माना डोलावल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण तो ऐकायला बरा वाटतो. रंगारणीने न्यायाधीशाकडे क्षणभर बघितलं, पदर सावरला आणि ती निघून गेली. कारकुनाने दोन्ही वाक्यं उतरवून घेतली, आणि आठ दिवसांत ती नऊ वेशींवर टांगली गेली.

त्या दिवसापासून न्यायाधीशाने सदरेच्या दिवशी दुपारचं जेवण सोडलं. बायको म्हणाली, "अहो, अंगी लागत नाही का माझ्या हातचं?" तो म्हणाला, "पित्त होतं." पुढचा अधिक महिना आला तेव्हा जावयाला पाटावर एकट्यालाच बसवलं. जावयाला वाटलं, आपलंच काही चुकलं. उपासाने डोळे उघडे राहिले, हे खरं. पण जनाची नाही तरी मनाची लाज असते, तिला उपास पुरत नाही.

तिसऱ्या वर्षी दूरच्या खोऱ्यातले कोळी सदरेवर आले. घाटावरच्या बाजारात त्यांच्या बायका पिढ्यान् पिढ्या मासळी विकत आल्या होत्या. त्यांची बोली परकी, म्हणून नव्या महाजनाने त्यांना उठवलं. पंचांकडे गेले, तर पंचांनी फळीकडे बोट दाखवलं.

त्यांच्यातला म्हातारा हात जोडून म्हणाला, "महाराज, फळीवरचं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. थोर माणसाचं वाक्य आहे. आम्ही एवढंच विचारायला आलो, की ते आमच्यासाठी लिहिलंय का?"

ते वाक्य कुठून आलं, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो गादीवर बसला होता. ते पुसायचं तर का पुसलं ते सांगावं लागणार. न्यायाधीशाने म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघितलं आणि तो म्हणाला, "फळीवर आहे ते कायम."

पहिली चूक त्याच्या हातून झाली होती. ही त्याने केली.

आणखी तीन वर्षं गेली. न्यायाधीशाच्या मुलीला मुलगा झाला. तिचं सासर त्या रंगारणीच्याच खोऱ्यात. बारशाला न्यायाधीश निघाला तो साध्या माणसासारखा, पगडी गाठोड्यात बांधून. बाळाला खुळखुळा घ्यावा म्हणून वाटेत बाजाराशी थांबला.

वेशीवरचा पहारेकरी म्हणाला, "खुळखुळा आत नाही मिळायचा, आजोबा. ते लोक निकालवाडीत बसतात. तिकडे, गुरं बांधतात ना, त्याच्या पलीकडे."

न्यायाधीश तिकडे गेला. सावली नाही, पाणी नाही, पायाखाली शेण. तिथे मडकीवाले बसले होते, सुपं-टोपल्यावाले बसले होते, एक विधवा गजरे घेऊन बसली होती, आणि कोपऱ्यात लाकडाचे खुळखुळे मांडून एक म्हातारा.

"या जागेला निकालवाडी का म्हणतात हो?" न्यायाधीशाने विचारलं.

"तुम्ही परगावचे दिसता," म्हातारा हसला. "राजधानीला कुणी थोर न्यायाधीश बसतो. त्याने निकाल दिला, तवा ही वाडी वसली. आधी रंगारी आले, मग मडकीवाले, मग ही गजरेवाली. विधवेचा गजरा आत नको म्हणाले. दर साली कुणी ना कुणी येतंच. आमची पोरं म्हणतात, आपण त्या न्यायाधीशाच्या वतनात राहतो."

न्यायाधीशाने पगडीचं गाठोडं काखेत ओढून घेतलं.

"शहाणा माणूस असंल पण," म्हातारा खुळखुळा पुसत म्हणाला. "एवढी माणसं एका ओळीत बाहेर काढायची, ते काय येड्याचं काम आहे?"

म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणासुद्धा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. न्यायाधीशाने खुळखुळा घेतला आणि तो चालू लागला. खुळखुळा मुलीच्या दारापर्यंत हातात वाजत राहिला. बारशाला सगळ्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. न्यायाधीश म्हणाला, "माझे हात बरे नाहीत."

राजधानीला परत आल्यावर त्याने कारकुनाला बोलावलं. "रंगारणीचा निकाल फिरवायचा आहे."

कारकून जुना, मुरलेला. तो म्हणाला, "महाराज, फिरवता येतो. पण रीत माहीत आहे ना? भर सदरेत, दोन्ही पक्षांसमोर, उभं राहून कारण सांगावं लागतं." मग त्याने आवाज उतरवला. "आपण असं करू. नवा पुरावा सापडला, असं लिहू. बाईला तिचा ओटा मिळेल, आपलीही अब्रू राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरं सांगतो, न्यायाधीशाला मोह झाला. किती सोपं होतं. पण त्याने विचारलं, "मग फळीवरचं ते दुसरं वाक्य?"

"ते राहणार. पुरावा एका रंगारणीचा. वाक्य सगळ्यांचं."

"आणि कोळी? मडकीवाले? ती गजरेवाली?"

कारकुनाने लेखणी खाली ठेवली.

न्यायाधीशाने रंगारणीला बोलावणं धाडलं. तिने शिपायाबरोबर उलट निरोप पाठवला, "एकदा आले होते, तेवढं पुरे." मग त्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली. या वेळी हुकूम नव्हता, विनंती होती. ती आली.

सदर खच्चून भरली होती. महाजन होता, पंडित होते, वर्षानुवर्षं दाराशी उभे असलेले चोपदार होते. न्यायाधीश गादीवरून उठला.

तो म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी या बाई बोलत होत्या, तेव्हा मी झोपलो होतो. जागा झाल्यावर पुन्हा सांगा म्हणायची मला लाज वाटली. म्हणून मी न ऐकताच निकाल दिला, आणि तो झाकायला वर एक वाक्य ठोकून दिलं. पुढे कोळी आले. त्या वाक्यात काही अर्थ नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी त्यांना परतवून लावलं."

आता हाहाकार होईल, असं त्याला वाटलं होतं. तो कान लावून उभा राहिला, पण कुणी हूं की चूं केलं नाही. कारकून दौतीत बघत होता. चोपदार आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होते. पंडितांपैकी एकालाही नवल वाटलेलं दिसलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. सहा वर्षं त्याने जे जिवापाड जपलं होतं, ते सगळ्या सदरेला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रंगारीण म्हणाली, "मी बघितलं होतं, महाराज. तुमची मान पुढे आली होती."

"मग मला उठवलं का नाहीत?"

"कशी उठवणार? मला वाटलं, भर सदरेत मोठ्या माणसाची लाज आपण राखावी. म्हणजे ते आपली राखतील."

न्यायाधीशाने मान खाली घातली. असा फटका त्याला आयुष्यात बसला नव्हता. मग तो म्हणाला, "मी झोपलो होतो तेव्हा तुम्ही जे बोललात, ते आज सांगाल?"

"त्यात काय सांगायचं. बोली बाजाराच्या तेव्हाच्या पहारेकऱ्यासमोर झाली होती. तो साक्षीला माझ्याबरोबर आला होता, बाहेर पिंपळाच्या पारावर बसला होता. त्याला आत बोलवा, एवढंच मी म्हणत होते. तीनदा म्हणाले."

"आता बोलवू त्याला."

"तीन वर्षं झाली त्याला जाऊन."

न्यायाधीशाने महाजनाकडे बघितलं. महाजन म्हणाला, "कागद नाही, साक्षीदार नाही. मी काय बोलू?" पण या वेळी त्याचा हात मिशीकडे गेला नाही.

तेव्हा न्यायाधीशाने निकाल सांगितला. "करार मला आजही सिद्ध मानता येत नाही. तुमच्या आळीची दहा वर्षांची मेहनत माझ्या झोपेत बुडाली, आणि ती मी परत आणू शकत नाही. पण बाजार कुणा एकाच्या मर्जीचा नाही. ज्याच्याकडे विकायला माल आहे, त्याला आत बसायचा हक्क आहे, मग त्याचे हात कसेही असोत आणि बोली कुठलीही असो. माझं ते वाक्य मी मागे घेतो."

एवढं बोलून त्याने पगडी काढली, गादीवर ठेवली आणि तो सदर उतरला.

सदरेचे शिपाई फळ्या पुसायला निघाले होते. त्याने त्यांना थांबवलं आणि स्वतः निघाला. नऊ खोरी, नऊ वेशी. प्रत्येक ठिकाणी लोक विचारत, "आजोबा, हे का पुसता?" आणि प्रत्येक ठिकाणी तो सांगे, "मी झोपलो होतो, आणि पुन्हा विचारायला लाजलो." कुठे लोक हसले. कोळ्यांच्या घाटावर कुणीच हसलं नाही, आणि ते त्याला हसण्याहून जड गेलं.

सगळ्यात शेवटी तो रंगारणीच्या गावी आला. निकालवाडी रिकामी होत होती. माणसं मडकी, टोपल्या, गजरे उचलून वेशीतून आत चालली होती. न्यायाधीशाने शिडी लावली आणि तो फळी खरवडू लागला. रंग जुना, लाकडात मुरलेला. हात दुखून आला तरी अक्षरं जाईनात. खाली शिडी डगमगत होती.

डगमगणं एकाएकी थांबलं. त्याने खाली बघितलं. रंगारणीने डोक्यावरचं गाठोडं बाजूला ठेवून शिडी दोन्ही हातांनी धरली होती.

"सावकाश करा," ती म्हणाली. "पडाल."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही. शेवटचं अक्षर जाईपर्यंत ती शिडी धरून उभी राहिली, मग गाठोडं उचलून आत बाजारात गेली. ओटे सगळे भरले होते, म्हणून तिने खाली जमिनीवर जागा धरली.

म्हणून ध्यानात ठेवा: 'पुन्हा सांगा' म्हणायला जो लाजतो, त्याच्या लाजेची शिक्षा दुसऱ्यांना भोगावी लागते.